जादाचा पाईप

आमच्या अपार्टमेंटमधले लोक आमच्या गाडीला फिरता संडास म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत. तोंडावर "काय म्हणती तुमची कॅम्पर व्हॅन?" असं विचारतात आणि जिन्यात गेल्यावर हसतात. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण ते खोटं नाही. गाडीत पलंग आहे, शेगडी आहे, बेसिन आहे, खिडक्यांना पडदे आहेत. पण गाडी घेतली ती संडासासाठीच. बाकीचं धम्मपालनं हौसेनं बसवलं.

धम्मपाल माझा नवरा. शिरोलीला एका फाउंड्रीत इंजिनीअर आहे. मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. आणि जिच्यासाठी ही गाडी घेतली ती माझी सासू, मीनाबाई. आयुष्यभर झेडपीच्या शाळेत शिकवलं. अंगापिंडानं बारीक, पण आवाज असा की अजूनही कुणी जिन्यात मोठ्यानं बोलायला लागलं आणि आईंनी नुसतं "कोण हाय रं?" म्हटलं की जिना रिकामा होतो. नाक त्याहून तिखट. कुठल्या पोराच्या खिशात तंबाखूची पुडी आहे हे त्यांना दारातूनच कळायचं म्हणे. आमच्या घरी दूध नासायच्या आधी त्यांना कळतं.

दोन वर्षांमागं त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्यातून वाचल्या, चांगल्या झाल्या. पण तेव्हापासून पोट आगाऊ वर्दी देईना. लागली की लागली, तिथल्या तिथं जावं लागतं. घरात चालून जातं. बाहेर पडायचं म्हटलं की त्या आधी दार बघायच्या, मग रस्ता बघायच्या आणि मग "मला ऊन सोसत न्हाय" म्हणून परत आत जायच्या. आधी लग्नं बंद झाली, मग विहारात जाणं बंद झालं, मग कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडं जाणंही. थंडीतसुद्धा त्यांना ऊन सोसत नव्हतं. कारण आम्हाला ठाऊक होतं आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, पण तो विषय कुणी काढायचा नाही असं आपोआप ठरून गेलं होतं.

त्यांची धाकटी बहीण शालूबाई राधानगरीला असते. तिचा खुबा मोडला तेव्हापासून ती अंथरुणात आहे. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. शालूमावशी म्हणायची, "आक्का, येऊ नगोस गं, रस्ता लई खराब हाय." आई म्हणायच्या, "मी कशाला येतीया, हितं मलाच कामं लई हायत." दोघी एकमेकींना येऊ नकोस, येत नाही, असं रोज बजावायच्या आणि फोन ठेवल्यावर आई बराच वेळ टीव्हीकडं तोंड करून बसायच्या. टीव्ही बंद असायचा.

मग एकदा मावशीच्या मुलाचा, कृष्णातचा, धम्मपालला फोन आला. "दादा, आई जेवंना झालीया. नुसती भित्ताकडं तोंड करून पडतीया. डॉक्टर म्हनत्यात औषधानं काय व्हायचं न्हाय, खायाला पायजे. मावशीला एकदा घिऊन ये. लवकर ये."

दीड तासाचा रस्ता. धम्मपालनं आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बघू." म्हणजे नाही.

माझ्या नवऱ्याला रडता येत नाही, तो वस्तू आणतो. पुढच्या आठवड्यात त्यानं पेठ वडगावातल्या एका शाळेची जुनी ट्रॅव्हलर आणली. मागच्या बाजूला अजून "मुलांनो, हात बाहेर काढू नका" असं लिहिलेलं होतं. रोज कामावरून आला की तो त्या गाडीत शिरायचा. सीटा काढल्या, प्लायवूड मारलं, मागच्या कोपऱ्यात दार लावून संडास केला आणि गाडीच्या पोटाखाली मैल्याची टाकी बसवली. टाकी संडासाच्या बरोबर खाली बसेना, कारण तिथं स्टेपनी होती. म्हणून ती जरा पुढं, चासीच्या मधोमध टांगली आणि संडास ते टाकी असा पाईप जोडला. या गोष्टीत जे काही झालं ते सगळं त्या पाईपामुळं.

आता कोल्हापूरच्या माणसाचं एक आहे. त्याला मोजून काही देता येत नाही आणि मोजून काही घेता येत नाही. हॉटेलात तांबडा-पांढरा रस्सा संपायच्या आत वाढणारा पुन्हा वाटी भरतो, दूधवाला मापानंतर वर एक धार सोडतो आणि दुकानदार दोरी, वायर, पाईप मोजून झाल्यावर पंजा पुढं सरकवून मग कापतो. "असू द्या की जादाचा." तसं न करणारा माणूस इथं कंजूस ठरतो. धम्मपाल फाउंड्रीत केसाएवढ्या फरकासाठी अख्खा माल परत पाठवतो, पण घरी तोच माणूस पडद्याचं कापड खिडकीच्या दीडपट आणतो. तर त्यानं शाहूपुरीतल्या पंपांच्या दुकानातून उसाला पाणी पाजायच्या मोटारीचा हिरवा पाईप आणला, भरपूर आणला, आणि जोडताना तो जादाचा पाईप कापला नाही. "पुढंमागं लागंल," म्हणाला. तारेनं आवळून टाकला.

नोव्हेंबरात निघालो. आदल्या रात्री आई जेवल्या नाहीत. सकाळी चहाही नको म्हणाल्या. "उपास हाय," म्हणाल्या. आमच्या घरात कुणी उपास करत नाही. मी पिशवीत भाकऱ्या बांधून घेतल्या.

उसाचा हंगाम होता. हळदी गावाच्या पुढं रस्त्यावर ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या होत्या. एवढी काळजी घेऊनही आईंना उठावं लागलं. त्या आत गेल्या, दार लावलं, बाहेर आल्या, हात धुतले, खिडकीपाशी बसल्या. त्यांचा चेहरा इतका निवांत झालेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. "सोय चांगली हाय," म्हणाल्या. धम्मपालची मान एकदम ताठ झाली. त्याच तंद्रीत त्याला स्पीडब्रेकर दिसला नाही.

गाडी उडाली. खाली काहीतरी फट्‌कन वाजलं. थोड्या वेळानं एक मोटारसायकलवाला बरोबरीनं आला आणि ओरडला, "ओ पावणं, थांबा की! टाकी फुटलीया तुमची, पानी गळतंय!"

धम्मपालनं गाडी कडेला घेतली. मोटारसायकलवाला मदतीला म्हणून उतरला, मागं गेला, वाकला आणि तसाच नाकाला रुमाल लावून मागं सरला. "आयला, पानी न्हवं वो हे!" मागच्या ट्रॉलीवरचे दोघं हसायला लागले. चहाच्या गाड्यावरची माणसं बाकावरून उठून बघायला आली. रस्त्यावर लांबवर ओला पट्टा दिसत होता.

आई खिडकीतच होत्या. त्यांनी पडदा ओढला आणि आतून म्हणाल्या, "धम्मा, गाडी फिरव."

घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, नेसायचं लुगडं बदललं आणि सांगून टाकलं, "माझ्यासाठी पुन्यांदा ती गाडी काढायची न्हाय."

"आई, पाईप निसटला," धम्मपाल म्हणाला. "त्यात तुझं काय?"

"पाईप भरला कुणामुळं?"

त्या संध्याकाळी शालूमावशीचा फोन आला तेव्हा आई म्हणाल्या, "अगं, आमचं येणं रहित झालं. ऊन लई हाय." तिकडून मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फार वेळ काही म्हणाली असेल असं वाटलं नाही.

मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. मोटारसायकलवाल्याचा, ट्रॉलीवाल्यांचा, नवऱ्याचा तर फारच. पण राग करून पाईप बसत नाही. रविवारी मी जुना ड्रेस घातला आणि त्याच्या बरोबरीनं गाडीखाली शिरले.

पाहिलं तर कळायला वेळ लागला नाही. संडासापासून टाकीपर्यंत पाईप सरळ उतरायला हवा. आमचा जादाचा पाईप मधेच झोळ खाऊन खाली लोंबत होता. टाकीकडं जाण्याआधी त्याला पुन्हा वर चढावं लागत होतं. म्हणजे जे काही वरून आलं ते टाकीत जाण्याऐवजी त्या झोळात बसून राहिलं. वजनानं झोळ आणखी खाली आला, स्पीडब्रेकरला घासला आणि तार सुटून टोक निसटलं. शिवाय हिरवा पाईप आतून वळ्यावळ्यांचा. प्रत्येक वळीत घाण अडकलेली.

"एवढा जादा कशाला ठेवलात?"

"असू दे म्हटलं."

"कशाला पण?"

त्यानं लोंबणारा पाईप हातानं वर उचलून धरला. "कमी पडू नये म्हणून," म्हणाला.

शाहूपुरीत हंबीररावांच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. हंबीरराव मोठ्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे. संडासासाठी पाईप पाहिजे म्हटल्यावर ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "मग हिरवा न्ह्यायचा न्हवता की सर! त्यो पान्याचा हाय." हिरवा त्यांनीच दिला होता. मी तसं म्हटल्यावर ते अजिबात ओशाळले नाहीत. "तुमी काय सांगितलं व्हतं तवा? मोटारीचा पायजे म्हनला. मला वाटलं, शेतातली मोटार."

त्यांनी दोन प्रकार समोर टाकले. एक डेअरीत दूध ओढायला वापरतात तो, पारदर्शक, आत स्टीलच्या तारेची कडी. दुसरा काळा, जाड रबराचा, मधे कापडाचा थर, आतून हाताला गुळगुळीत. दिसायला पहिला देखणा. दुसरा वाकवायला जड. पाईप चांगला की वाईट हे दिसण्यावर नसतं, हे मला मुलांना नळ्या दाखवून दाखवून माहीत आहे. रबर असो की प्लॅस्टिक, वास त्यातून हळूहळू पाझरतो. बाहेरून कोरडा ठणठणीत दिसणारा पाईपसुद्धा गाडीभर वास सोडतो. आणि आईंच्या नाकाशी गाठ होती. मी दोन्हींचे वीतभर तुकडे मागितले.

"तुकडे कशाला?" हंबीरराव.

"तपासायला."

"पाईप काय परीक्षेला बसवताय व्हय म्याडम?" असं म्हणून त्यांनी वीतभराच्या जागी हातभर तुकडे कापून दिले.

तपासायची युक्ती माझी. दोन नवे तुकडे आणि हंबीररावांनी जादाचा म्हणून दिलेला हिरव्याचा एक कोरा तुकडा घेतला. तिन्हीत भिजवलेली सुकट भरली, दोन्ही तोंडं प्लॅस्टिकनं घट्ट बांधली, वरून साबणानं धुतले आणि गच्चीवर सावलीत ठेवले. सुकटीचा वास ज्यातून बाहेर येणार नाही त्यातून कशाचाच येणार नाही. तीन दिवस गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी "तुमच्याकडं काय वाळत घातलंय?" असं विचारून घेतलं. हिरव्या तुकड्यापाशी दोन मांजरं येऊन बसली, ती उठेनात.

आता हुंगायचं कुणी? धम्मपाल फाउंड्रीत असतो, त्याला धुराशिवाय कशाचा वास येत नाही. गरम फडक्यात वास उतरतो, म्हणून मी गरम पाण्यात फडकी पिळली, एकेका तुकड्यावरून घासली, नाकाला लावली. हिरव्याचं कळलं. बाकीच्या दोन्हींचं सारखंच वाटलं. तेवढ्यात आई गच्चीवर आल्या. गाडीच्या त्या प्रकारानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

"एवढी सुकट कशाला वाया घालवायलीस?"

मी सांगितलं. त्या ऐकून खाली जातील असं वाटलं होतं. त्यांनी पदर खोचला, डोळे मिटले आणि पहिलं फडकं नाकापाशी धरलं. "ह्येला हाय," म्हणाल्या. हिरव्याचं ते. मग दुधाच्या पाईपाचं. "ह्येलाबी हाय. थोडा हाय, पर हाय." मला काहीच कळलं नव्हतं. तिसरं फडकं त्यांनी उलटंसुलटं करून, थंड होईपर्यंत हुंगलं.

"न्हाय."

"नक्की?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला दहावीत असल्यासारखं वाटलं. त्या नाकानं न्हाय म्हटलं की न्हाय. ते नाक कुणाची भीड ठेवत नाही. माझ्या माहेरहून आलेल्या तुपाला सगळ्यांदेखत "खवट हाय" म्हणालेलं नाक आहे ते.

काळा पाईप ठरला. हंबीररावांना मी माप सांगितलं आणि समोर उभी राहिले. त्यांनी मोजलं, सवयीनं पंजा पुढं सरकवला. मी म्हटलं, "तेवढाच." ते म्हणाले, "असू द्या वो, त्याचे पैसे कुठं मागतोय?" मी पुन्हा म्हटलं, तेवढाच. त्यांचा चेहरा पडला. "म्याडम, हंबीररावानं हात आखडून दिलं म्हनत्याली लोकं." शेवटी माझं लक्ष बिलाकडं गेलं तेवढ्यात त्यांनी जादाचा कापलाच. घरी येऊन उलगडल्यावर दिसलं.

पार्किंगमध्ये धम्मपालनं एक टोक संडासाला बसवलं. आता तारेऐवजी स्टीलचे क्लिप, एकेका टोकाला दोन-दोन. दुसरं टोक टाकीपाशी आलं आणि पुढं हातभर उरला. त्यानं करवत घेतली, खूण केली आणि थांबला.

"कापा," मी म्हटलं.

"पाईप जरा आत ढकलला तर बसंल की."

"झोळ पडेल."

"किती पडंल? एवढा चांगला पाईप हाय. एकदा कापला की कापला, दीप्ती. कमी पडला मग?"

गाडीभोवती चार-पाच जण जमले होते. पार्किंगमध्ये कुणी गाडीखाली शिरलं की आमच्याकडं माणसं जमतातच. जिन्यात हसणारे त्यातच होते. एकानं सल्ला दिला, राहू द्या, जादाचा असला तर बरा. दुसरा म्हणाला, होय की. धम्मपालनं करवत खाली ठेवली.

"काप त्ये."

आवाज जिन्यातून आला. सगळे वळले. आई खाली उतरल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या पार्किंगमध्ये, चारचौघांत, उभ्या होत्या. त्या गाडीपाशी आल्या, वाकून खाली बघितलं आणि सबंध वर्गाला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय, मला घडीघडीला जावं लागतंय. म्हनून ही गाडी हाय. कुणाला काय विचारायचं हाय?"

सल्ला देणाऱ्याला एकदम घरात काम आठवलं.

"धम्मा, जादाचं ठेवून काय झालं बघितलास न्हवं? काप."

त्यानं कापलं. पाईप सरळ उतारानं टाकीला जाऊन बसला, कमी पडला नाही. मला तेव्हा आईंचा फार अभिमान वाटला. मी तो बोलून दाखवला नाही, कारण त्यांना आवडलं नसतं. उरलेला हातभर तुकडा धम्मपालनं माळ्यावर ठेवला. पुढंमागं लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी संडासातून बादल्या बादल्या पाणी ओतलं. पाणी मी प्रयोगशाळेतल्या परमँगनेटनं जांभळं केलं होतं, म्हणजे थेंब जरी गळला तरी दिसावा. गाडीच्या पोटाला पांढरी चादर बांधून धम्मपालनं रंकाळ्याला फेरी मारली, वाटेतले सगळे स्पीडब्रेकर मुद्दाम घेत. चादर जशीच्या तशी पांढरी परत आली. आईंनी ती हातात घेऊन बघितली, हुंगली आणि घडी करून ठेवली. मग म्हणाल्या, "रविवारी जाऊ."

रविवारी सकाळी त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. वर कपभर चहा घेतला आणि आणखी अर्धा मागितला. धम्मपालनं आणि मी एकमेकांकडं बघितलं नाही.

हळदीच्या पुढं त्या उठल्या आणि आत गेल्या. धम्मपाल आरशात बघायला लागला. मी मागच्या काचेतून रस्ता बघत बसले. ट्रॉल्या होत्या, मोटारसायकली होत्या, एक मोटारसायकल तर बराच वेळ आमच्या मागंच होती. मग ती पुढं निघून गेली, तिच्यावरच्या माणसानं वळूनही बघितलं नाही. रस्ता कोरडा होता. आई बाहेर आल्या, हात पुसत म्हणाल्या, "पुढं बघून चालव की."

राधानगरीत दारातच कृष्णातनं "जय भीम, वैनी" म्हणून पिशवी घेतली. शालूमावशी मधल्या खोलीत पलंगावर होती. मी तिला धट्टीकट्टी पाहिलेली. आता पांघरुणाखाली माणूस आहे की नाही कळत नव्हतं. आईंना बघून तिचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच तिनं हात पुढं करून अडवलं.

"आक्का, तितंच बस. खुर्चीवर बस. लांब बस."

"का?"

"बस म्हनती न्हवं."

आई खुर्चीत बसल्या नाहीत. पलंगाभोवती बघू लागल्या. पलंगाच्या डोक्याकडच्या गजाला काहीतरी बांधलं होतं आणि त्याच्यावर शाल टाकून झाकलं होतं. पांघरुणातून एक नळी निघाली होती, ती पलंगाखाली मोठा झोळ खाऊन पुन्हा वर त्या शालीत शिरत होती. आईंनी शाल उचलली. लघवीची पिशवी होती. जवळजवळ रिकामी.

मावशीनं तोंड फिरवलं. कृष्णात खाली बघून म्हणाला, "पिशवी रोज खालीच अस्ती, मावशी. नर्सनं तसंच सांगितलंय. आज तुमी येनार म्हनून आईनं वर बांधायला लावली. कुनाला दिसाय नगो म्हनून."

"पाणी वर चढतंय व्हय रं?" आई म्हणाल्या. त्यांनी पिशवी सोडली, पलंगाच्या खालच्या पट्टीला अडकवली, नळीचा झोळ काढून ती सरळ उतरती केली. जादाची नळी अंथरुणावर आडवी ठेवली. नळीतून धार सुटली आणि पिशवी भरायला लागली. मावशीनं डोळे मिटून लांब श्वास सोडला. सकाळपासून पोट तटतटलं होतं तिचं, आणि ती बोलली नव्हती.

"आता तरी लांब बस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वास मारतोय गं माझा, आक्का. म्हनून तर येऊ नगो म्हनत हुते. तुझं नाक मला ठावं न्हाय व्हय?"

आईंनी माझ्याकडं न बघता हात मागं केला. "दीप्ती, गरम पाण्यातनं फडकं पिळून आण."

मी आणलं. त्यांनी ते नळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत घासलं. मग बहिणीच्या हातावरून, मानेवरून फिरवलं, पांघरुणाच्या काठावरून फिरवलं. मग डोळे मिटले आणि फडकं नाकापाशी धरलं. मावशी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. कृष्णात बघत होता, धम्मपाल दारात उभा राहून बघत होता. आईंनी घाई केली नाही. फडकं उलटंसुलटं केलं, थंड होईपर्यंत हुंगलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

"खरं सांग."

"मी कवा खोटं सांगितलंय?"

मावशीनं पांघरूण बाजूला करून पलंगावर जागा केली. आई तिथं, अगदी तिच्या कुशीला टेकून बसल्या आणि फडकं माझ्याकडं दिलं.

मी ते परसातल्या नळावर नेलं. धुण्याआधी नाकाला लावून बघितलं. वास येत होता. मला, माझ्यासारख्या नाकाच्या बाईलाही, स्पष्ट येत होता.

मी ते साबण लावून दोनदा धुतलं. आतून मावशीचा आवाज आला, "कृष्णा, भाकरी हाय का रं? आक्कालाबी वाढ, मलाबी वाढ." मी फडकं पिळलं आणि दांडीच्या पार टोकाला, घरापासून लांब, वाळत घातलं.